काच बदलली, पुढे काय?

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहायचा म्हटला की विषयांची एक ठरलेली रांग डोळ्यांपुढे उभी राहते. विद्यार्थी आणि शिस्त, हुंड्याची चाल, परीक्षापद्धतीतील दोष, वाचनाची ओसरती आवड. हे सारे विषय मोठे आहेत आणि त्यांच्यावर लिहिणारी लेखणीही तशीच मोठी हवी. मी मात्र यंदा मोटारीच्या एका फुटलेल्या काचेवर लिहायचे ठरवले आहे. विषय ऐकून माझ्या मैत्रिणी हसल्या. "हा लेख आयटीआयच्या अंकात शोभेल, आपल्या नव्हे," असे एकीने तोंडावर सांगितले. परंतु अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही तासांना आपण जे ऐकतो, ते सारे मला या एका काचेत दिसले. शिवाय त्या काचेमुळे एका निरपराध मुलाची रोजी गेली आहे. ती गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवणार नाही.

घडले ते थोडक्यात असे. आमच्या घरी बारा वर्षांची एक लहान मोटार आहे. पुण्याच्या ज्या उपनगरात आम्ही राहतो, तेथील आमच्या सोसायटीत गाड्यांना जागा अपुरी; म्हणून निम्म्या गाड्या बाहेर गल्लीत उभ्या असतात. गल्लीच्या तोंडावरचा दिवा त्या वेळी चार महिने बंद होता. जुलैतील एका पावसाळी रात्री कोणीतरी आमच्या गाडीच्या मागच्या दाराची काच फोडली आणि आतली पिशवी नेली. पिशवीत बाबांची छत्री होती, जेवणाचा डबा होता, आणि मुळशी तालुक्यातील माझ्या आजोळी चार म्हाताऱ्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांची माझी वही होती. बाजारभावाने सगळ्यांची किंमत केली तर दोन हजारांच्या आत. वहीची किंमत बाजारात होत नाही, म्हणून ती धरलेली नाही. चोरालाही तिचा उपयोग शून्य. त्याने ती कोठल्यातरी नाल्यात टाकली असणार.

दुसऱ्या दिवशी जो भेटेल त्याचा पहिला प्रश्न एकच: "पण पिशवी गाडीत ठेवलीच कशाला?" दुखणाऱ्याला सल्ला देणारे पुष्कळ असतात, याचा अनुभव मला त्या दिवशी पुरेपूर आला. आपली वस्तू आपल्या कुलूपबंद गाडीत ठेवणे हा काही गुन्हा नव्हे. चोरी ज्याची झाली त्याचीच उलटतपासणी घ्यायची, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. मुलीची छेड काढली तर ती त्या रस्त्याने गेलीच का, घर फुटले तर ते गावाला गेलेच का! प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो हे मला ठाऊक आहे. "हे माझ्या बाबतीत घडणार नाही, कारण मी शहाणा आहे," एवढा दिलासा त्याला स्वतःला हवा असतो. परंतु त्या दिलाशाची किंमत दुसऱ्याने का मोजावी?

असो. आता काचेकडे वळू. मोटारीच्या समोरची काच आणि बाजूची काच या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे मला गॅरेजमध्ये उभी राहिल्यावर कळले. समोरची काच म्हणजे दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा. दगड लागला तर तिला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, पण ती जागा सोडत नाही. या काचेचे मूळ एडुआर बेनेडिक्टुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या शोधात आहे. १९०३ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आत एका द्रावणाचा पापुद्रा वाळून बसला होता. बाजूची काच मात्र एकेरी आणि कडक केलेली असते. ती भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि बाहेर काढताक्षणी तिच्यावर दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग मागाहून आकसतो; त्यामुळे काचेच्या कातडीवर कायमचा दाब राहतो आणि पोटात ताण. म्हणून ती साध्या काचेच्या चौपट-पाचपट मार सोसते. पण एकदा का कातडी भेदली गेली, की पोटातला सारा ताण एका क्षणी मोकळा होतो आणि सबंध काचेचे साबुदाण्याएवढे बोथट दाणे होऊन पडतात. माणसाला सुऱ्यासारखे तुकडे लागू नयेत म्हणून ही योजना. 

हिचा आणखी एक गुण असा, की कडक केल्यानंतर तिला कापता येत नाही, की भोक पाडता येत नाही. बाबांना आधी वाटले होते, तसबिरीला काच बसवतात तशी मापाने कापून आणू. मिस्त्रींनी मान हलवली. "साहेब, ही काच जशी भट्टीतून आली तशीच बसवायची. साधी बसवली तर उद्या अपघातात कोणाचा तरी गळा कापेल." मग नाना पेठेत जाऊन आमच्याच गाडीच्या त्याच दाराची काच आणली. चौदाशे रुपये काच आणि चारशे मजुरी. मिस्त्रींनी दाराच्या आतले आवरण सोडवले, तळाशी साचलेले दाणे हवेने आणि हाताने काढले, पाणी निघून जाण्याची दाराच्या बुडातील भोके मोकळी केली, नवी काच रबराच्या खाचेत सरकवली आणि वर-खाली करणाऱ्या यंत्राला घट्ट केली. दोन तासांत काम झाले. विम्याचा विचार आम्ही केला होता. पण दाव्याच्या रकमेतून पहिले हजार रुपये सक्तीची वजावट म्हणून जातात, आणि दावा न केल्याबद्दल हप्त्यात जी सवलत मिळते, एका वर्षानंतर २० टक्के आणि वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्के, तीही बुडते. आठशे रुपयांसाठी कोणी ती घालवणार नाही. म्हणजे लहान चोरीचा भार शेवटी ज्याचा त्यानेच सोसायचा.

काच बसवून घरी आलो तेव्हा आमच्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, "जाऊ द्या हो, त्या निमित्ताने काचवाल्याचे आणि मिस्त्रीचे पोट भरले. पैसा फिरता राहिला!" बोलणे समजुतीचे होते आणि ऐकायला गोडही होते. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला ते पटणे कठीण. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ फ्रेदेरिक बास्तिया याने १८५० मध्ये, म्हणजे आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, नेमक्या याच युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. दुकानदाराच्या द्वाड मुलाने खिडकीची काच फोडली. जमलेले लोक म्हणाले, काचा फुटल्या नाहीत तर काचवाल्यांनी जगावे कसे? बास्तियाचे म्हणणे असे, की काचवाल्याला मिळालेले सहा फ्रँक सर्वांना दिसतात. पण तेच सहा फ्रँक दुकानदाराने जोड्यावर किंवा पुस्तकावर खर्च केले असते, ते कोणाला दिसत नाही. पूर्वी त्याच्याकडे काच होती आणि जोडाही येणार होता; आता नुसती काच आहे. आमच्या घरचा हिशेबही तसाच आहे. त्या अठराशे रुपयांत आईचा चष्मा बदलायचा होता. तो दिवाळीपर्यंत लांबला. मिस्त्रींना मिळालेले चारशे सर्वांना दिसले. चष्मेवाल्याचे जे बुडाले त्याचा उल्लेख काकांनी केला नाही.

आणखी एका शेजाऱ्यांनी सल्ला दिला, की नवी काच घेण्याची गरजच नव्हती. जुन्या मालाच्या बाजारात हीच काच सहाशेला मिळते. जुना माल घेणे वाईट, असे मी म्हणणार नाही. मोडीत काढलेल्या गाड्यांचे सुटे भाग प्रामाणिकपणे विकणारे पुष्कळ आहेत आणि वस्तू वाया न घालवण्याचा तो चांगला मार्ग आहे. पण जिथे पावती मागताच विक्रेत्याचा चेहरा बदलतो, जिथे वस्तू कोठून आली हे विचारायचे नसते, तिथली स्वस्ताई आपल्याला कोठून मिळते? आज रात्री कोणाच्या तरी गाडीचा आरसा, टेप किंवा चाक निघते, ते उद्या कोणीतरी विकत घेतो म्हणूनच. घेणारा हात नसेल तर चोरणारा हात किती दिवस चालेल? चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून, तो घेणे हा कायद्याने गुन्हा आहे. कायद्याचे राहू द्या. सभ्य म्हणवणाऱ्या आपल्या घरांत असा एखादा 'स्वस्तात मिळालेला' जिन्नस आहे की नाही, हे प्रत्येकाने एकदा मनाशी तपासावे.

तिसरा सल्ला काळ्या कागदाचा. काचांना काळी फिल्म लावा, म्हणजे आत काय आहे ते कोणाला दिसायला नको. परंतु २०१२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या काळ्या फिल्मविरुद्ध निकाल दिला, आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हे बंधन नियमांत आजही आहे. काळ्या काचेआड गुन्हे लपतात, म्हणून ही तरतूद. एकाने आपली पिशवी लपवायची आणि त्यासाठी सर्वांनी अंधार पत्करायचा, हा उपाय नव्हे.

आता मी त्या भागाकडे येते, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

काचेवरून समाजशास्त्रात एक उपपत्तीच निघाली आहे. जेम्स क्यू. विल्सन आणि जॉर्ज केलिंग या दोन अमेरिकन अभ्यासकांनी मार्च १९८२ मध्ये एका मासिकात लेख लिहून ती मांडली. इमारतीची एक काच फुटली आणि ती तशीच राहू दिली, तर लवकरच बाकीच्याही फुटतात. कारण न बदललेली काच जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगते, की येथे कोणाला कशाची पर्वा नाही. आधारासाठी त्यांनी मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो याचा १९६९ मधील प्रयोग दिला आहे. त्याने पाटी काढलेली, बॉनेट उघडलेली एक मोटार न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आणि दुसरी तशीच कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे सोडली. ब्राँक्समध्ये दहा मिनिटांत लूट सुरू झाली आणि एका दिवसात मोलाचे सारे गेले. पालो आल्टोची गाडी आठवड्याहून अधिक काळ कोणी शिवली नाही. पण झिंबार्डोने स्वतः तिच्यावर घण घातला, आणि मग पाहता पाहता येणारे-जाणारे त्यात सामील झाले. 

या प्रयोगातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. ब्राँक्समध्ये पहिला हात मारणारे कोणी गुंड नव्हते. आई, वडील आणि त्यांचा लहान मुलगा असे ते कुटुंब होते. दोन्ही ठिकाणी मोडतोड करणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेक जण नीटनेटक्या कपड्यांतले, वरवर सभ्य दिसणारे गोरे होते, असे विल्सन आणि केलिंग यांनीच नमूद केले आहे. म्हणजे चोराचा जो चेहरा आपण मनात रंगवून ठेवलेला असतो, तो या गोष्टीत कोठेच नाही.

परंतु पुढे झाले काय? १९९४ पासून न्यूयॉर्कचे महापौर रुडॉल्फ जुलियानी आणि पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन यांनी ही उपपत्ती उचलली. किरकोळ गुन्ह्यांवर कडक कारवाई सुरू झाली. शहरातील गुन्हे घटले हे खरे. पण जिथे असे काही केले नव्हते अशा इतर शहरांतही ते त्याच काळात घटले, त्यामुळे श्रेय कोणाचे यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. काच बदलण्यापेक्षा माणसे पकडणे सोपे, असे त्या शहराने ठरवले की काय, कोण जाणे! रस्त्यात थांबवून झडती घेण्याचा सपाटा पुढील काळात इतका वाढला, आणि तो कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाच्या तरुणांच्या वाट्याला इतका आला, की २०१३ मध्ये तेथील न्यायालयाने ती रीत घटनाबाह्य ठरवली.

न्यूयॉर्क दूर आहे. आमच्या सोसायटीत मात्र हेच नाटक लहान रंगमंचावर झाले. आमच्याकडे पहाटे गाड्या पुसायला एक मुलगा येत असे. वय एकोणीस. घरचे लोक मराठवाड्यातून कामासाठी आलेले, बांधकामावर जाणारे. अकरा गाड्या, दर गाडीला महिना तीनशे रुपये. त्यावर त्याची बाहेरून बारावी चालली होती. चोरीची रात्र उलटली तसे सकाळी आठ वाजेपर्यंत त्याचे नाव तीन जिन्यांत फिरले होते. पुरावा काय? तर तो पहाटे येतो, त्याला गाड्यांची माहिती आहे, आणि "या लोकांचे काही सांगता येत नाही." आम्ही तक्रार दिली होती, तीत संशयित म्हणून कोणाचेही नाव घातले नव्हते. पोलिसांनी त्याला बोलावून विचारपूस केली, काही निघाले नाही, सोडून दिले. तरीही रविवारच्या सभेत ठराव झाला, की त्याने उद्यापासून येऊ नये. बाबा आणि मी विरोधात बोललो. ज्यांची काच फुटली ते आम्हीच म्हणत होतो, की आमचा त्याच्यावर संशय नाही. "तुम्ही भोळे आहात," असे आम्हाला सांगण्यात आले. आमच्या बाजूने चार हात वर झाले; विरुद्ध चौदा. 

त्याच सभेत दिव्याचा विषयही होता. त्यावर असे ठरले, की महापालिकेला अर्ज करावा आणि वाट पाहावी. म्हणजे पाहा: चोरीला अंधाराची मदत झाली हे सर्वांना मान्य, अंधार दूर करायला काही महिने थांबायची तयारी, आणि ज्याच्याविरुद्ध कणभर पुरावा नाही त्याला दूर करायला एक रात्रही थांबवत नाही. फुटलेली काच बदला, एवढेच मूळ लेखातील उदाहरण सांगत होते. त्याचा अर्थ आम्ही असा लावला, की काचेजवळ दिसलेला गरीब बदला.

"या लोकांचे" हे दोन शब्द आपल्याकडे नवे नाहीत. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो रद्द झाला. तरी त्याची छाया किती लांब पडते, हे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' वाचणाऱ्याला सांगायला नको. १९८७ चे हे आत्मकथन, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आपण ते पुस्तक वाचतो, त्यावर परिसंवाद घेतो, टाळ्या वाजवतो. आणि घरी परतल्यावर सभेत हात वर करताना त्यातले एक पानही आठवत नाही! साहित्याचा अभ्यास जर जिन्याच्या पायरीपर्यंतही पोचत नसेल तर तो करायचा कशासाठी?

कायदा पाहिला तर तो आपल्याहून उदार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशी तरतूद आहे, की चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा द्यावी. आमच्या पिशवीची चोरी याच मापात बसते. म्हणजे ज्याने खरोखर काच फोडली, तो सापडला, दोषी ठरला आणि त्याने भरपाई केली, तर कायदा त्याला सुधारण्याची एक संधी देईल. आणि ज्याच्यावर आरोपसुद्धा ठेवला गेला नाही, त्याचे महिन्याचे तेहतीसशे रुपये आणि नाव, दोन्ही आमच्या सभेने एका ठरावात घेतली. आमचे दोन हजार गेले म्हणून आम्ही चोरी झाली म्हणतो. त्याचे जे गेले त्याला काय म्हणायचे?

यावर कोणी म्हणेल, की सावधगिरी नको का? हवी. दिवा हवा, रखवालदाराची फेरी हवी, प्रत्येक चोरीची, ती कितीही लहान असो, तक्रार नोंदवायला हवी. कारण नोंद नसली की त्या गल्लीत चोरी झालीच नाही असे कागद सांगतो आणि बंदोबस्तही तसाच राहतो. काच फुटली तर ती त्याच दिवशी बदलावी, पावती घेऊन आणि योग्य जातीची. ही सारी सावधगिरी वस्तूंबद्दलची आहे, आणि तिला माझा पाठिंबा आहे. माणसांबद्दलचा संशय हा मात्र सावधगिरीचा प्रकार नव्हे. तो आळस आहे. पुरावा शोधायचे कष्ट नकोत म्हणून आपण जवळचा दुबळा माणूस निवडतो.

कडक केलेल्या काचेसारखाच आपला शेजारधर्म आहे, असे मला अलीकडे वाटते. वरून भक्कम, रोजचा मार सोसणारा. पण पोटात ताण साठलेला. एक आघात झाला आणि त्याचे दाणे दाणे झाले. काचेचा इलाज नाना पेठेत मिळतो. शेजारधर्माचा इलाज विकत मिळत नाही. तो सभेत, पुन्हा विषय काढून, पुन्हा हात वर करूनच करावा लागतो. आम्ही पुढच्या सभेसाठी दोन विषय लेखी दिले आहेत. पहिला, घरटी वर्गणी काढून गल्लीच्या तोंडावर सोसायटीने स्वतःच्या भिंतीवर दिवा लावावा. दुसरा, त्या मुलाविरुद्धचा ठराव रद्द करून त्याला तसे लेखी कळवावे. मग त्याने कामावर यायचे की नाही, ते त्याला ठरवू द्यावे. या वेळी हात किती वर होतील, ते मी सांगू शकत नाही.

हा लेख वाचणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांपैकी बहुतेकांच्या गल्लीत, वाड्यात, वसतिगृहात अशी एखादी चोरी आज ना उद्या होईल. त्या वेळी सर्वांत आधी कोणाचे नाव घेतले जाते आणि का, याकडे लक्ष द्या. आणि ते नाव घेणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "पाहिले कोणी?" प्रश्न अगदी साधा आहे. पण आमच्या जिन्यात त्या सकाळी तो एकानेही वेळेवर विचारला असता, तर एक मुलगा आज बारावीच्या परीक्षेला बसला असता.